आधी पूर्ण म्हणायचं, मग खोडायचं

आमचं आडनाव देवपुजारी, आणि आमचे हे देव मानत नाहीत. लग्न ठरताना मला हे कोणी सांगितलं नव्हतं. पहिल्या गणपतीला सासूबाई हळूच म्हणाल्या, "बेबी, रत्नाकर आरतीला उभा राहतो, पण टाळी वाजवत नाही. तू लक्ष नको देऊ." मी लक्ष दिलं. अजून देऊन राहिले.

तर हा असा माणूस. सगळी हयात जबलपूरच्या गन कॅरेज फॅक्टरीच्या फाउंड्रीत, भट्टीपुढे गेलेली. घरातली एक आरती धड येत नाही. पण सकाळी दाढी करताना आरशापुढे उभं राहून कुराणातल्या आयती म्हणतो, त्याही अरबीत, गालाला साबण लावलेला. नवीन दूधवाला एकदा दारातच थबकला. पाटीवरचं देवपुजारी वाचलं, आतला आवाज ऐकला आणि मला विचारतो, "माताजी, घर तो यही है ना?" मी म्हटलं, "हो बाबा, हेच आहे, तू दूध ओत."

हे सगळं वसीभाईंमुळे झालं. वसीउद्दीन, ह्यांचा भट्टीवरचा जोडीदार. बारीक बांधा, उजव्या हातावर कोपरापर्यंत भाजल्याची जुनी खूण, आणि आवाज असा की हळू बोलले तरी व्हरांड्याच्या टोकाला ऐकू यावा. लहानपणीच त्यांनी अख्खं कुराण पाठ केलेलं. त्यांच्या मशिदीत रमज़ानभर रोज थोडं थोडं करून ते सगळं म्हटलं जातं. म्हणणारा पुढे उभा असतो, आणि मागे एक ऐकणारा. पुढचा अडखळला की मागच्यानं लगेच राहिलेला शब्द द्यायचा. त्याला ते लुक़मा म्हणतात, म्हणजे घास. ऐकणारा जाणूनबुजून गप्प बसला तर दोष त्याच्या माथी. पुढे उभं राहण्याचा मान मिळत असताना वसीभाई वर्षानुवर्षं मागेच उभे राहिले. म्हणायचे, "भाभी, आगे वाले को सब सुनते हैं. उसको कोई एक ध्यान से सुने, वो मैं."

दोघांचं भांडण सुरू झालं ते डबा खाताना. वसीभाईंच्या हाती कुठलंसं पत्रक लागलं होतं. विज्ञानानं आज जे शोधलं ते कुराणात आधीच आहे, असं काहीतरी त्यात होतं. त्यांनी ते मोठ्या आनंदानं ह्यांना दाखवलं आणि हे हसले. ह्यांचं हसणं वाईट, मी सांगते ना, समोरच्याचं रक्त उसळतं. वसीभाईंनी पत्रक घडी करून खिशात टाकलं आणि दोस्ताला म्हणायचं ते जबलपुरी बड्डे लावून म्हणाले, "हँस मत, बड्डे. पहले पूरी पढ़, फिर काट."

झालं. हा नियम ठरला तो कायमचा. आयत चुकीची आहे असं म्हणायचं असेल तर आधी ती पूर्ण, बिनचूक, तोंडपाठ म्हणून दाखवायची, आणि मग खोडायची. ह्यांनीही आपला नियम घातला. वसीभाईंनी विज्ञानाचं नाव काढलं की ते विज्ञान नीट समजावून सांगायचं, 'सायन्स ने साबित कर दिया' एवढ्यावर भागणार नाही. आणि कोणाला समजावायचं? तर मला. भाभीला समजलं तर मुद्दा मान्य, नाही तर नाही. मला कोणी विचारलंसुद्धा नाही. संध्याकाळी दोघं घरी आले, मी स्वयंपाकघरातून बाहेर आले तर पंच होऊन बसलेली.

अजून एक अट होती. आयत म्हणायच्या आधी चूळ भरायची. ह्यांच्या गालात तंबाखू असायची, आणि वसीभाई म्हणत, तोंडात हे ठेवून ते नाही म्हणायचं. मग हे अंगणातल्या नळाशी जाऊन खळखळून चूळ भरत. वाद रोज, चूळ रोज, आणि वाद रंगला की दिवसातून कितीदा तरी. शेवटी कंटाळून तंबाखूच सुटली! मी नवस बोलले होते, उपास केले होते, माहेरी निघून जायची धमकी दिली होती. कशानं काही झालं नाही. कुराणाशी भांडता भांडता माझ्या नवऱ्याचं व्यसन गेलं, आता बोला.

लोखंडाचा वाद सगळ्यात जुना. कुराणात म्हटलंय की लोखंड आम्ही उतरवलं. वसीभाई मला समजावत, "भाभी, लोहा ज़मीन पे नहीं बना. तारे के पेट में बना. तारा फटा, तब हम तक आया." आयुष्यभर लोखंड वितळवणारा माणूस हे सांगायचा तेव्हा त्याचे डोळे असे चमकायचे की मला वाटे, ह्यानं तो तारा स्वतः फुटताना पाहिलाय. मग हे चूळ भरून यायचे आणि दुसरी आयत म्हणायचे, त्यात गुराढोरांनाही 'उतरवलं'च म्हटलंय. "मग गाई-बकऱ्या पण ताऱ्यातून आल्या का रे वसी?" वसीभाई म्हणत, उतरवणं म्हणजे देणंही होतं. हे म्हणत, "मग लोखंडालाही तेच लाव ना, काहून ताऱ्यात जातोस?" वसीभाई दाढी कुरवाळत. "कल बताऊँगा."

मला दुपारी गुंगी येते, ही माझी जुनी खोड. रिटायर झाल्यावर दोघं आमच्या व्हरांड्यात बसायला लागले, हिवाळ्याचं ऊन पायावर, समोर टेकडी, आणि मी मधल्या खुर्चीत पंच. दोन बाजूंनी दोन आवाज यायचे. अरबी, हिंदी, ह्यांची मराठी, सगळं एकात एक मिसळायचं आणि माझे डोळे मिटायचे. मग मला दिसायचं, भर बाजारात बडा फुहाऱ्यावर आभाळातून गाई उतरून राहिल्या आहेत. सावकाश, पाय पोटाशी घेऊन. कापडवाले आपले तागे उचलून त्यांना जागा करून देताहेत, कोणी घाबरत नाही, कोणी ओरडत नाही. कमानिया गेटवर लोखंड पडतंय, अगदी मऊ, राखेसारखं, आणि बाया हात पुढे करून ते झेलताहेत. जाग आली की दोघं माझ्याकडे बघत असायचे. "समझ में आया, भाभी?" मी म्हणायचे, "आलं, आलं." काय आलं होतं ते मलाच ठाऊक.

पण हे काही फक्त वसीभाईंच्याच मागे लागत नसत बरं. आमच्या मराठी मंडळात एका पाहुण्यानं भाषण केलं की आपल्या पूर्वजांकडे विमानं होती, सगळं मंत्रांत लिहिलंय. हे उठून उभे. "आधी तो मंत्र पूर्ण म्हणा." पाहुण्यांना येईना. हे म्हणाले, "वसीला त्याचं सगळं पाठ येतं." पुढच्या वर्षापासून मंडळात आम्हाला पहिल्या रांगेत बसवणं बंद झालं.

एकदाच हे खोडायला विसरले. जबलपूरला मोठा भूकंप झाला ते साल. कुराणात आहे की ज़मीन तुम्हाला घेऊन हलू नये म्हणून डोंगर ठेवले. ह्यांनी ती आयत आधीच पाठ करून ठेवलेली होती, आणि आता तर सगळं शहरच हललेलं. सकाळी हे तरातरा वसीभाईंच्या घरी गेले, मी मागोमाग. पाहतो तर परसाची भिंत आडवी, वसीभाईंची बायको ज़किया भाभी अंगणात खाटेवर बसलेली, हातात रिकामा तांब्या. ह्यांनी शर्टाच्या बाह्या सरसावल्या आणि विटा उचलायला लागले. दुपारपर्यंत एक शब्द नाही. शेवटी वसीभाईच म्हणाले, "क्यों, आज नहीं काटेगा?" हे म्हणाले, "राहू दे." तर वसीभाई असे भडकले! "दीवार गिरी है, मैं नहीं गिरा. रहम मत खा मुझ पे. काट!" आणि दोघं धुळीनं माखलेले, विटांच्या ढिगावर बसून भांडले. मी आणि ज़किया भाभी एकमेकींकडे बघून हसत सुटलो. त्या दिवशी हसू कुठून आलं कोण जाणे.

गेल्या पावसाळ्याच्या शेवटी वसीभाईंना झटका आला. जीव वाचला. पण उजवा हात गेला आणि वाचा गेली. समजायचं सगळं, डोळ्यांत दिसायचं की समजतंय, पण तोंडातून निघे ते फक्त "तो… तो…" मग तेही थांबलं. तेवढा आवाज असलेला माणूस खिडकीशी पडून टेकडीकडे बघत राहायचा.

आमच्या घरी काय झालं म्हणता? आमच्या घरीही वाचा गेली. हे संध्याकाळी व्हरांड्यात बसत, शेजारी रिकामी खुर्ची. मी मुद्दाम काहीबाही चुकीचं बोलून पाहिलं, सूर्य पृथ्वीभोवती फिरतो म्हटलं. हे म्हणाले, "असेल." मला धडकीच भरली. मग एक दिवस धुवायला टाकलेल्या शर्टाच्या खिशात तंबाखूची पुडी सापडली. मी पुडी त्यांच्यापुढे आपटली आणि रडले, शिव्याही दिल्या. हे खाली मान घालून म्हणाले, "आता चूळ कोणासाठी भरू?"

वसीभाईंना बोलायला शिकवायला एक मुलगी यायची, ऋचा. सिव्हिल लाइन्समधल्या मराठी घरातली. "काकू, मराठी मला समजते सगळी, बोलता नाही येत नीट," असं पहिल्याच दिवशी कबूल करून टाकलं तिनं. तिनं सांगितलं, "जे लहानपणापासून पाठ असतं ना, गाणं, प्रार्थना, गिनती, ते दिमाग में अलग रास्ते से आता है. ह्यांना जे पाठ आहे ते यांच्यासोबत बोला. एकदा ते निकललं, तर बाकी शब्द पण हळूहळू येऊ शकतात. लेकिन कोशिश ही छोड़ दी, तर मग कठीण आहे, काकू."

पाठ काय, अख्खं कुराण पाठ! ज़किया भाभीनं त्यांच्या हातावर हात ठेवून नमाज़मधली सुरुवातीची आयत म्हटली. वसीभाईंनी ओठ घट्ट मिटले. डोळ्यांतून पाणी आलं आणि तोंड भिंतीकडे. मौलाना येऊन गेले, नात्यातले येऊन गेले, दरवेळी तेच. भाभी पदराला डोळे पुसत मला म्हणाली, "टूटा हुआ नहीं पढ़ेंगे, बेबी भाभी. मैं इनको जानती हूँ. पूरा नहीं निकलेगा, तो मुँह ही नहीं खोलेंगे." मग तर त्यांनी ऋचाकडे बघणंही सोडलं. ऋचानं हलक्या आवाजात मला सांगितलं, असंच चाललं तर वसीभाई असेच राहतील. मी घरी येऊन ते ह्यांना जसंच्या तसं सांगितलं. हे जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला अर्धवट जाग आली ती ह्यांच्या आवाजानं. मला आधी वाटलं स्वप्न. आरशापुढे साबण लावून हे आयत म्हणत होते, डोंगरांचीच, पण भूकंपाच्या वेळची नाही, दुसरी. तिचा अर्थ मला वसीभाईंनी इतक्यांदा सांगितला होता की झोपेतही कळावा. तू डोंगर पाहतोस, तुला वाटतं ते जागेवर खिळलेत, पण ते ढग चालावेत तसे चाललेत. वसीभाई म्हणत, ज़मीन सरकते असं आज सायन्स सांगतं, ते हेच. हे पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणाले. कुठे अडखळले नाहीत. मग पुन्हा म्हणाले. मी पडल्या पडल्या खिडकीतून पाहिलं, धुक्यात टेकडीचा पायथा दिसत नव्हता, नुसता माथा वर तरंगत होता.

वसीभाईंच्या घरी पोचल्यावर हे आत गेलेच नाहीत. अंगणातल्या नळाशी वाकले आणि चूळ भरायला लागले. खळखळ, खळखळ, नेहमीसारखी, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी. मी आत खाटेपाशी उभी होते. आणि मी पाहिलं, भिंतीकडे वळलेलं ते तोंड हळूहळू आवाजाच्या दिशेनं फिरलं. भाभीनं माझं मनगट धरलं.

हे आले, खाटेशेजारी खुर्ची ओढली, तोंड पुसलं. "वसी," म्हणाले, "ती डोंगरवाली. आज खोडणार आहे." आणि म्हणायला सुरुवात केली. आवाज आधी कापत होता, मग स्थिरावला. डोंगर आले, खिळून राहणं आलं, चालणंही आलं. आणि ढगांपाशी येऊन हे थांबले.

थांबले ते थांबलेच. मी ह्यांच्या तोंडाकडे बघून राहिले. सकाळी तर पाण्यासारखं म्हटलं होतं! नंतर मी किती खोदून विचारलं, हे म्हणतात, "विसरलो गं." त्यांचं त्यांना माहीत.

परसात कबुतरं घुमत होती. खिडकीबाहेर टेकडीवर ऊन पडलं होतं आणि तिच्यामागून पांढरे ढग जात होते. मला कळेना, ढग चाललेत का टेकडी. वसीभाईंच्या कपाळावर घाम आला. आयुष्यभर मागे उभा राहून ऐकणारा माणूस तो. समोर कोणीतरी अडकलंय, आणि घास द्यायचा तर त्यालाच द्यायचा आहे. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. गळ्याच्या शिरा ताठल्या. आणि तो शब्द आला. फाटका, घोगरा, पण अख्खा. ढग आले. आणि त्यांच्या मागोमाग आयतीचं उरलेलंही सगळं ओघानं आलं. वसीभाई स्वतःच चकित होऊन ऐकत होते.

ज़किया भाभी मटकन खालीच बसली. मी ओक्साबोक्शी रडले, लाज कसली त्यात. आणि आमचे हे, आरतीला टाळी न वाजवणारे, वसीभाईंचा लुळा हात दोन्ही हातांत घेऊन म्हणाले, "मान लिया, यार. सब मान लिया. डोंगर चालतात, लोखंड आकाशातून आलं, गाई पण आल्या. तू जीत गया."

वसीभाईंचा चेहरा असा पडला! इतक्या महिन्यांत, झटका आला तेव्हासुद्धा, मी तसा चेहरा पाहिला नव्हता. त्यांनी डाव्या हातानं आपला लुळा हात ह्यांच्या हातातून ओढून काढला. तोंड वाकडं करून, अंगातला सगळा जोर लावून काहीतरी बाहेर ढकलायला लागले.

"न… नहीं."

हे आयतीतलं नव्हतं. हे त्यांचं स्वतःचं होतं. भाभीनं तोंडावर पदर धरला.

"का… काट."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, लहान मुलासारखं. आणि मला राग आला, खरंच सांगते, आनंदात असा राग येतो हे मला त्या दिवशी कळलं. "माझ्याकडे काय बघून राहिले?" मी म्हटलं. "विटांवर बसून काय सांगितलं होतं त्यांनी? ते पडले नाहीत. तुम्ही कोण त्यांना पाडणारे? नियम म्हणजे नियम. खोडा!"

ह्यांनी नाक पुसलं. चष्मा पुसून डोळ्यांवर चढवला. "हे बघ वसी," सुरू झाले, "तू हमेशा बीच की एक लाइन उठाता है. ह्याच्या आधीची आयत काय आहे? शेवटच्या दिवशी तुतारी फुंकली जाते, त्याची आहे. म्हणजे डोंगर चालतात ते त्या दिवशी. आज नाही. आजचे डोंगर सरकतात ते ज़मिनीसोबत, नखं वाढतात त्या गतीनं. ह्याचा त्याच्याशी काय संबंध?" बोलता बोलता आवाज चढला, हात हवेत गेला, नेहमीसारखा. वसीभाई उशीवर डोकं डावीकडे-उजवीकडे हलवत होते, नाही, नाही, आणि त्यांचा अर्धा चेहरा हसत होता. मध्येच म्हणाले, "क… कल." आणि बोट हलवलं. हे ओरडले, "कल नहीं, आज बता!"

भाभी चहा ठेवायला उठली. माझं रडून रडून डोकं जड झालं होतं, डोळे मिटायला लागले. आवाज येत होते, एक अख्खा, एक तुटका. टेकडी खिडकीतून हळूच पुढे सरकली, तिच्या मागे दुसरी आली, मग ढग आला, आणि सगळे मिळून शहरावरून निघाले. किती वेळ गेला कोण जाणे. डोळे उघडले तर दोघंही माझ्याकडे बघत होते, चहा निवून गेलेला.

"स… समझ में…" वसीभाई म्हणाले आणि थांबले. ह्यांनी पुढचा शब्द दिला नाही, नुसती वाट पाहिली. "…आया, भा… भी?"

पंच मी. आजवर दरवेळी 'आलं' म्हणून मोकळी झालेली.

"नाही," मी म्हणाले. "मला काही म्हणता काही समजलं नाही. उद्या पुन्हा समजावून सांगा."